खोली गेली

दुपारी साडेतीनच्या सुमाराला गेटची कडी वाजली. गॅसवर चहा होता. आधी वाटलं कुरिअरवाला असेल, पुण्याहून मुलगा अधूनमधून काहीतरी पाठवत असतो. बाहेर येऊन बघितलं तर तेवीस-चोवीस वर्षांचा एक पोरगा. केसांवर, भुवयांवर पीओपीची पांढरी भुकटी बसलेली, त्यामुळं तरुण असून पिकल्यासारखा दिसत होता. चपला त्यानं गेटबाहेरच काढल्या होत्या आणि मे महिन्याच्या तापलेल्या फरशीवर एकदा हा पाय, एकदा तो पाय करत उभा होता. गेटला मी चार दिवसांपूर्वी एक पुठ्ठा अडकवला होता, 'वरची खोली भाड्याने देणे आहे' असा. त्याच्याकडं बोट करून तो म्हणाला, "मावशी, खोली हाय न्हवं?" इतक्या अस्सल कोल्हापुरी हेलात म्हणाला, की मी लगेच विचारलं, किती जण राहणार? "दोघंच. मी आन् बारका भाऊ. त्याला हितं आयटीआयला घालायचाय." मी किल्ली आणायला वळणारच होते. वळता वळता, मनात काहीही नसताना, आपण सगळ्यांनाच विचारतो तसं विचारलं, "गाव कुठलं रे तुझं?"

"बलिया."

बलिया कुठं आहे ते मला ठाऊक आहे. तीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवलाय. उत्तर प्रदेशाच्या पार पूर्वेच्या टोकाला, गंगा आणि घाघरेच्या मधला जिल्हा. १९४२ च्या ऑगस्टमध्ये बलियाच्या लोकांनी इंग्रजांचं राज्य काही दिवसांपुरतं का होईना, उलथून टाकलं होतं. आमच्या साताऱ्याच्या प्रतिसरकाराबरोबर त्या गावाचं नाव येतं. वर्गात ते नाव मी आवाज चढवून घ्यायचे. हे सगळं डोक्यात जागच्या जागी असताना माझ्या तोंडून शांतपणे शब्द आले, "खोली गेली रे. कालच गेली."

त्यानं पुठ्ठ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. "बरं मावशी," म्हणाला, चपला पायात सरकवल्या आणि जाताना गेट ओढून घेतलं. कडीसुद्धा घातली. आमच्याकडं येणारीजाणारी आपली माणसं कधी कडी घालत नाहीत.

खोली गेली नव्हती.

आत आले तर चहा उतू गेलेला. संध्याकाळी पुठ्ठा काढून कपाटामागं सरकवला. पीओपीवाला म्हणजे आसपासच कुठंतरी कामाला असणार, येताजाता त्याच्या नजरेला पडला तर? पुठ्ठा काढल्यावर साहजिकच विचारायला कोणी येईना. एक खोटं खरं ठरावं म्हणून मी आपलंच भाडं बुडवून बसले, हा त्यातला विनोदी भाग. रात्री ह्यांना सांगितलं. बातम्यांवरची नजर न हलवता म्हणाले, "बरं केलंस. आधी दोघं म्हणतात, महिन्याभरात दोनाचे आठ होतात." ते अगदीच खोटं आहे असंही नाही. मागच्या गल्लीत एका घरात दहा पोरं राहतात. दुपारपर्यंत टाकी रिकामी होते, रात्री दीड वाजता गच्चीवरून गावाकडं फोन चालतात आणि पलीकडच्या माणसाला ऐकू येत नसल्यासारखे चालतात. भाडेकरूची माहिती पोलिसात द्या, कागद गोळा करा, ते निराळंच. पण मी त्या पोराला यातलं काहीच विचारलं नव्हतं. खोली दाखवायची माझ्या मनात असली, की मी आधी पाण्याची वेळ सांगते. पाणी सकाळी सहा ते सात, नंतर टाकीवर भागवायचं. ऐकून माणूस गांगरला तर त्याचा आणि माझा दोघांचाही वेळ वाचतो. त्याला मी पाण्याची वेळसुद्धा सांगितली नाही. गावाचं नाव ऐकलं आणि विषय मिटवला. ह्यांनी 'असं का केलंस' म्हणून विचारलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. 'बरं केलंस'मुळं ते माशाच्या काट्यासारखं घशातच राहिलं.

'गाव कुठलं?' हा प्रश्न आपल्याकडं नावाच्याही आधी येतो. एसटीत शेजारी बसलेल्याला, दवाखान्यात रांगेत पुढं असलेल्या बाईला, लग्नात ताट वाढणाऱ्या पोराला. नाव विसरलं तरी चालतं, गाव लक्षात राहतं. त्यात चौकशीपेक्षा ओढ जास्त असते. 'कागल? मग तुम्हाला आमचे अमुक ठाऊक असतील,' असं म्हणत कुठून तरी एक नातं, एक सोयरीक, निदान एक ओळखीचा मास्तर शोधून काढायचा, की झाला माणूस आपला. विहिरीत दोर सोडून बघावा, तसा हा प्रश्न मी आयुष्यभर सोडत आले. त्या दिवशी कळलं, की हाच दोर वर ओढूनही घेता येतो.

आणि आमचं गाव तरी कुठलं? आजोबा चिकोडीकडचे. निपाणीच्या पलीकडं, जिथं एका गल्लीत मराठी आणि दुसऱ्या गल्लीत कानडी बोलतात तिथले. पंधरा-सोळा वर्षांचे असताना शाहूपुरीच्या व्यापारी पेठेत एका गुळाच्या अडतीवर कामाला लागले. राहायला खोली नव्हतीच. दुकानाच्या माडीवर रिकाम्या गोणपाटांवर झोपायचे, आणि मुंग्या लागू नयेत म्हणून पाय पाण्यानं पुसून झोपायचे, असं सांगत. पुढं दिवाणजी झाले, घर बांधलं, तेच हे घर. मराठी इतकं चोख, की कानडी येतं हे सुनांनाही उशिरा कळलं. पण पैसे मोजायला बसले, की ओठ हलायचे आणि 'ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु' सुरू व्हायचं. आज्जी म्हणायची, माणूस देवाशी कुठल्याही भाषेत बोलेल, पैसे मात्र आईच्याच भाषेत मोजेल. १९५६ साली राज्यांच्या सीमा ठरल्या आणि आजोबांचं गाव म्हैसूर राज्यात गेलं. माणूस जागचा हलला नाही, गाव हललं. कागदोपत्री बघायला गेलं तर आम्हीही परप्रांतातलेच. हे आमच्या घरात कुणी कधी मोठ्यानं बोलत नाही. सीमाप्रश्नाच्या घोषणा देण्यात मात्र आम्ही पुढं असतो.

त्याच आठवड्यात भाच्याच्या लग्नासाठी आहेराच्या साड्या घ्यायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जावं लागलं. एका लग्नाच्या पंचवीस-तीस साड्या एकदम घ्यायच्या म्हटल्यावर कोल्हापूरचा माणूस दुसरीकडं कुठं जाणार. नुसता कोल्हापूरचाच नव्हे, सांगली, कोकण, बेळगाव, अगदी गोव्याचेसुद्धा दुकानदार तिथंच ठोक माल उचलतात. नव्या कापडाचा, कांजीचा, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा मिळून एक कोंदट गोडसर वास असतो तिथं, आणि तो घरी आल्यावरसुद्धा हाताला राहतो. दुकानाचे मालक ऐंशीच्या घरातले. माझ्याशी मराठी, पोराशी सिंधी, फोनवर हिंदी, आणि मधेच निपाणीकडचं एक कुटुंब आलं तर त्यांच्याशी मोडकंतोडकं कानडी. बिल करताना साड्यांच्या घडीवर बोट टेकवत पुटपुटायला लागले, "हिकु, ब, टे, चारि..." मी जागच्या जागी थांबले. आजोबांचे ओठ अगदी असेच हलायचे. न राहवून तोंडातून गेलंच, "काका, तुम्ही मूळचे कुठले?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हितलाच की. तुम्ही?"

मी म्हटलं, मीही इथलीच. आणि आम्ही दोघं पुन्हा साड्यांकडं वळलो.

गांधीनगरला आज्जी शेवटपर्यंत 'कॅम्प' म्हणायची. 'कॅम्पातनं चादरी आणल्या' वगैरे. लहानपणी वाटायचं, की फाळणीत सिंधी आले, त्यांची छावणी पडली, म्हणून कॅम्प. खरं तर तो कॅम्प त्यांच्याही आधीचा. वळिवड्याच्या माळावर १९४३ मध्ये पहिल्यांदा जी माणसं उतरली ती पोलंडची होती. महायुद्धाच्या सुरुवातीला रशियानं पूर्व पोलंड घेतला आणि तिथल्या कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं. पुढं रशियाचंच जर्मनीशी युद्ध पेटल्यावर त्यांची सुटका झाली. मग इराणमार्गे, कराचीमार्गे ही माणसं कुठं कुठं पांगली. त्यातली सुमारे पाच हजार कोल्हापूरजवळ आली. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, कारण हातीपायी धड पुरुष सैन्यात गेले होते. लंडनमधून चालणारं त्यांचं परागंदा सरकार खर्च उचलत होतं, जागा आपल्या संस्थानातली. कौलारू बराकींची रांगच्या रांग, शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचं थिएटर, मुलांची बालवीर पथकं. बर्फातून आलेली ती मुलं पंचगंगेत डुंबायची.

आज्जीनं त्यांना बघितलं होतं. तिची आठवण इतिहासाच्या पुस्तकात बसणारी नाही. ती सांगायची, बाजारात गोऱ्या बायका यायच्या, भाव करताना बोटांनी सांगायच्या, आणि वांगी वजनाला उचलण्याआधी हातात घेऊन वास घ्यायच्या. वांग्याचा कसला वास घ्यायचा, असं म्हणून आज्जी पन्नास वर्षांनंतरही हसायची. एकदा त्यांतल्या एकीनं आज्जीच्या कडेवरच्या बाळाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या आत्याच्या गालाला हात लावला आणि एकदम रडायला लागली. आज्जीला वाटलं दृष्ट लागेल, म्हणून तिनं घरी येऊन मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मग वाईटही वाटलं. "तिचं काय गेलं हुतं कुणाला ठावं," असं म्हणून ती गोष्ट संपवायची. मीठमोहऱ्या आणि वाईट वाटणं, दोन्ही एकाच संध्याकाळी एकाच बाईच्या मनात. मला आज्जीची ही गोष्ट कुठल्याही पोवाड्यापेक्षा खरी वाटते.

युद्ध संपलं तरी पोलिशांना घरी जाता आलं नाही, कारण त्यांची गावं आता रशियाच्या हद्दीत होती. इथंही गावच हललं. १९४८ पर्यंत ती माणसं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी पांगली. एका मुलीनं मात्र इथल्याच तरुणाशी लग्न केलं आणि कोल्हापूरची सून होऊन राहिली. काही जण इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत राहिले. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये, कॅम्पात लहानपण गेलेले काही म्हातारे-म्हाताऱ्या पुन्हा कोल्हापूरला आले. ऑगस्टच्या महापुरातून शहर नुकतंच वर आलं होतं. भिंतींवर पाण्याच्या रेषा होत्या, गल्लोगल्ली गाद्या वाळत होत्या, हवेला कुजल्यासारखा वास होता. तरी आम्ही त्यांचं दणक्यात स्वागत केलं. फेटे, हलगी, लेझीम, फुलं. काठी टेकत चालणारी ती माणसं रडत होती, आणि टीव्हीसमोर बसून मीही. पुढं २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सात गेले, तेव्हा त्यांनी तिथल्या कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकावर फुलं वाहिली. त्या दिवशी आमच्या शाळेतल्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर छाती फुगवणारे किती निरोप आले असतील, त्याची गणती नाही. मीही दोन टाकले.

पण त्याच बराकींमध्ये पोलिशांनंतर सिंधी राहायला आले. घरदार, दुकानं, देऊळ सगळं सिंधमधल्या कराची-हैदराबादकडं टाकून आले, आणि परत गेले नाहीत. वळिवड्याच्या माळाचं त्यांनी गांधीनगर केलं. पेटीत चार साड्या घेऊन खेडोपाडी फिरण्यापासून सुरुवात करून आख्ख्या दक्षिण महाराष्ट्राला कापड पुरवण्यापर्यंत मजल मारली. त्यांच्यासाठी लेझीम खेळल्याचं मला आठवत नाही. आठवतात ते विनोद. घासाघीस करणारा सिंधी, काटा मारणारा सिंधी. आमच्या घरी 'निर्वासित' हा शब्द मी शिवीसारखा ऐकलाय. मला वाटतं, निघून गेलेल्या पाहुण्याचं कौतुक करायला काही पडत नाही. तो पाण्याच्या टाकीत वाटा मागत नाही, त्याचा पोरगा आपल्या पोराच्या शेजारी परीक्षेला बसत नाही, आपल्या दुकानासमोर दुकान थाटत नाही. तो आठवणीत राहतो, आणि आठवणीत भाडं लागत नाही. जो राहून जातो त्याच्याशी मात्र रोज नव्यानं निभवावं लागतं. साड्यांची घडी मोजणाऱ्या त्या काकांना 'मूळचे कुठले' हा प्रश्न किती वेळा आला असेल? ऐंशी वर्षांच्या माणसाला 'हितलाच की' म्हणण्याचा सराव असावा लागतो, याचं मला आता वाईट वाटतं.

शाळेत असताना दर वर्षी २६ जूनला शाहू जयंतीचं भाषण माझ्याकडं असायचं. बोर्डिंगांचा परिच्छेद माझा तोंडपाठ. शहर शिकायला बोलावत होतं पण राहायला जागा देत नव्हतं, हे महाराजांनी ओळखलं. खेड्यातून आलेल्या पोराला पहिला प्रश्न जातीचा, आणि उत्तर ऐकून खोली गेलेली. म्हणून १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहं उघडली. मराठ्यांचं, जैनांचं, मुसलमानांचं, लिंगायतांचं, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दसरा चौकात उभं राहिलं तर आजही दोन-चार बोर्डिंगांच्या जुन्या इमारती आजूबाजूला दिसतात. भाषणात मी म्हणायचे, "कोल्हापूर ही वसतिगृहांची जननी आहे," आणि टाळ्या यायच्या. एका वर्षी नववीतल्या एका मुलीनं भाषणानंतर येऊन विचारलं, "मॅडम, पण सगळ्यांना एकाच बोर्डिंगमध्ये का नाही ठेवलं?" मी काळाची मर्यादा वगैरे सांगून तिला वाटेला लावलं. प्रश्न बरोबर होता. पण आता वाटतं, वेगवेगळ्या छपरांखाली का होईना, ती पोरं एकाच चौकात संध्याकाळी बाहेर पडत होती, एकाच हौदावर पाणी पीत होती की नाही कोण जाणे, पण एकाच कॉलेजात जात होती. आधी डोक्यावर छप्पर, मग पुढचं पुढं. महाराजांना खोलीचं महत्त्व माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं, एवढं नक्की.

तसं हे शहर बाहेरच्या माणसाला नवखं नाही. खासबागचं मैदान १९१२ मध्ये झालं ते पंजाबच्या मल्लांनी गाजवलं, आणि आजही तालमींत हरयाणाची पोरं दिसतात. अल्लादियाखाँसाहेब राजस्थानातून आले आणि त्यांचं गाणं आम्ही कोल्हापूरचं म्हणून मिरवतो. पण मल्ल आणि गवई यांची गोष्ट वेगळी. ते राजाचे पाहुणे. त्यांनी कुणाच्या गेटवरचा पुठ्ठा वाचला नाही.

माझ्या भावाचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप होतं, आता शिरोलीला फौंड्री आहे. त्याच्याकडं निम्म्याहून जास्त माणसं उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची. तो म्हणतो, फेटलिंगला आपलं पोरगं उभं राहत नाही. फेटलिंग म्हणजे ओतीव लोखंडाच्या कडा घासून काढायच्या. दिवसभर ग्राइंडरची किंचाळी, तोंडाला रुमाल, आणि संध्याकाळी थुंकी काळी. त्याच्या शेडमागच्या खोल्यांत एक पाळी उठली, की दुसरी पाळी त्याच गादीवर झोपते. गादी गार होत नाही. भावाच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण सगळं तथ्य त्याच्या बाजूचं नाही. माझाच एक जुना विद्यार्थी, वडणग्याकडचा, मला एकदा बाजारात भेटला. डिप्लोमा झालेला, घरी बसून होता. म्हणाला, "मॅडम, आमी काम करत न्हाई असं समदी म्हणत्यात. ठेकेदार त्यास्नी देतो त्या पगारात माझं घर चालतं का इचारा." मी त्याला काय सांगणार. त्याचा राग ज्याच्यावर निघायला हवा तो ठेकेदार ना त्याला दिसतो, ना मला. दिसतो तो समोरचा, बलियाचा. २०२० च्या मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटल्या, तेव्हा याच भावानं स्टेशनवर जाऊन पोरांच्या हातात भडंगाच्या पुड्या दिल्या होत्या आणि घरी येऊन रडला होता. जूनमध्ये भट्टी पेटेना, तेव्हा त्यांना परत आणायला पैसे पाठवले. माया आणि गरज यांची सरमिसळ त्याच्याकडं इतकी घट्ट आहे, की वेगळी करायला गेलं तर दोन्ही फाटतील.

मुलगा पुण्यात नोकरीला लागला तेव्हाची गोष्टही याच दिवसांत पुन्हा पुन्हा वर येत राहिली. खोली बघायला गेला, सगळं पसंत पडलं, आणि मालकीणबाईंनी विचारलं, "तुम्ही कोल्हापूरचे म्हणजे मटण खाणार ना?" हो म्हणाला. खोली गेली. त्या रात्री फोनवर मी त्या अनोळखी बाईंना जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावरून माणसाची पारख करणारी ती कोण टिकोजीराव! मुलगा हसत होता. "जाऊ दे गं आई, दुसरी मिळेल." त्याला दुसरी मिळाली. भाषा तीच, राज्य तेच, खिशात पगाराची चिठ्ठी. मिळणारच होती.

दोनेक वर्षांपूर्वी कार्तिकात एकदा संध्याकाळी पंचगंगा घाटावर गेले होते. सहज. बघते तर घाटावर गर्दी. बायका कमरेएवढ्या पाण्यात सूपं घेऊन उभ्या. सुपात ऊस, नारळ, केळी, नाकापासून भांगापर्यंत ओढलेला शेंदूर, आणि सगळ्यांची तोंडं मावळत्या सूर्याकडं. छठ होती. गाणं संथ होतं, जात्यावरच्या ओवीसारखं एकाच सुरात फिरणारं. शब्द कळत नव्हते, पण पोराबाळांसाठी मागणं चाललंय एवढं कळत होतं, ते सगळ्याच ओव्यांत असतं. माझ्या शेजारी उभा असलेला एक माणूस तिरसटपणे म्हणाला, "आता हितंबी आलं का ह्यांचं!" मी त्याला काही बोलले नाही. खरं सांगायचं तर माझ्याही मनात क्षणभर तेच येऊन गेलं होतं. मग नऊ दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे आम्ही त्याच पायऱ्यांवर पणत्या लावायला गेलो. पायरीच्या फटीत उसाचं एक कांडं अडकलेलं होतं, सुकलेलं. मी त्याच्या शेजारीच पणती ठेवली, कारण तिथं वारा लागत नव्हता.

आषाढात समोरच्या बंगल्याचा वरचा मजला वाढवायचं काम शेवटाला आलं. दिवसभर पाऊस, आणि पावसातून कटरचा आवाज. आमची वरची खोली बंद राहून राहून कुबट झाली होती. एका दुपारी जरा उघडीप मिळाली म्हणून खिडकी उघडायला वर गेले. फुगलेली खिडकी, दोनदा ढकलली तेव्हा धाडकन उघडली. गल्ली कसली, बोळच तो. हात लांबवला तर समोरच्या भिंतीला लागेल. समोरच्या खिडकीला अजून तावदानं नव्हती. आत लोखंडी घोड्यावर चढून, मान मागं टाकून तो छताला पट्ट्या मारत होता. तेच पांढरे केस, त्याच पांढऱ्या भुवया. आवाजानं त्यानं खाली बघितलं. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मागं. एक कॉट, गुंडाळलेली गादी, मुलाचं जुनं क्रिकेटचं पोस्टर. सगळं जिथल्या तिथं.

"मावशी," तो म्हणाला, "खोली रिकामीच दिसत्या न्हवं?"

चिडवत होता, की नुसतं विचारत होता, मला कळेना. कोल्हापूरची भाषा तो इतकी चांगली शिकला होता, की त्यातला टोमणा ओळखता येऊ नये. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "भावाचा नंबर लागला का रे?"

"लागला की. फिटरला."

"मग राहताय कुठं?"

"उचगावात. सहाजण हाय एका खोलीत. त्याला अभ्यासाला जरा..." तेवढ्यात खालून कुणीतरी पट्ट्या वर देऊ लागलं आणि वाक्य तिथंच राहिलं. तो वाकून एकेक पट्टी घेऊन भिंतीला टेकवू लागला. ओठ हलत होते. "एगो, दूगो, तीनगो..."

खिडकीची कडी माझ्या हातात होती. परत पाऊस सुरू झाला होता आणि तो आत येत होता, पोस्टरपर्यंत.

"पाणी सकाळी सहा ते सातच असतं," मी जरा मोठ्यानं म्हणाले. "नंतर टाकीवर भागवायला लागतं."

तो मोजायचा थांबला.